फटफटीवरचा गारठा



उन्हाळ्यात कसे वागावे, हे वऱ्हाडी माणसाला शिकवावे लागत नाही. अकोल्याचे ऊन साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डोक्याला दुपट्टा कसा बांधावा, भर दुपारी बाहेर का पडू नये, हे आपल्याकडचे लहान पोरही सांगेल. थंडीचे मात्र तसे नाही. आपली थंडी ही दोन-अडीच महिन्यांची पाहुणी. दिवाळीनंतर येते आणि संक्रांत झाली की परतीची वाट धरते. पौषातसुद्धा दुपारी ऊन चटकते. म्हणून आपण तिला फारसे मोजत नाही. अंगात एक स्वेटर चढवला, कानाला मफलर गुंडाळला की झाले, असा आपला हिशेब.

हा हिशेब घराच्या ओट्यावर बरोबर असतो. पायी चालणाऱ्याला आणि बैलगाडीत बसणाऱ्यालाही तो पुरतो. फटफटीवर बसले की तो चुकतो. आणि आज फटफटी तर घरोघर आहे. पहाटे कॅन बांधून शहराकडे निघालेला दूधवाला, परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याकडच्या शाळेत वेळेवर पोचू पाहणारे गुरुजी, रात्रीच्या पाळीत वीज येते म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, ही सारी मंडळी नेमकी गारठ्याच्या वेळी गाडीवर असतात. त्यांच्यातला कुणी तरी एखाद्या सकाळी चहाच्या टपरीवर हात चोळत विचारतोच, "थंडी तं काई एवढी नाई भाऊ, मंग गाडीवर बसलं का हात बधीर काऊन होतेत?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर समजले तर पुष्कळ त्रास वाचतो, आणि कधी कधी जीवही वाचतो. म्हणून आज आपण त्याचाच विचार करू.

आकाशवाणीवर हवामानाची बातमी येते. अकोल्याचे किमान तापमान १० अंश सेल्सिअस, असे आपण ऐकतो. आता हे १० अंश कुठे मोजलेले असतात? वेधशाळेच्या आवारात, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांची एक पांढरी लाकडी पेटी उभी असते. तिच्यात तापमापक ठेवलेला असतो. त्याच्यावर ऊन पडू नये, पण हवा मात्र खेळती राहावी, अशी ती रचना असते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील दीपगृहे बांधणारे अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती पेटी योजली, आणि आजही तिला त्यांचेच नाव आहे. पेटीतला तापमापक हवा किती गार आहे तेवढेच सांगतो. वारा तुमच्या अंगातली ऊब किती झपाट्याने पळवून नेतो, हे तो सांगू शकत नाही.

आणि फटफटीवर खरा चोर वाराच असतो. झाडाचे पानही हलत नसेल अशा पहाटे तुम्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने निघालात, तर तुमच्या छातीवर ताशी ५० किलोमीटरचा वारा येतो. तो आभाळाने पाठवलेला नसतो. तो तुमच्या गाडीनेच तयार केलेला असतो.

वाऱ्याने गारठा का वाढतो? आपल्या कातडीला लागून हवेचा एक पातळ थर असतो. शरीराच्या उबेने तो थर कोमट होतो आणि पातळसर पांघरुणासारखा अंगाला चिकटून राहतो. वारा आला की तो थर उडून जातो आणि त्याच्या जागी नवी गार हवा येते. शरीर तिला तापवते. ती तापते न तापते तोच तीही जाते. बशीतल्या चहावर आपण फुंकर घालतो, ती आठवा. फुंकर तर आपल्या तोंडातून आलेली, म्हणजे थंडीच्या दिवसांत बाहेरच्या हवेपेक्षा उबदारच. तरीही चहा निवतो, कारण बशीवरची तापलेली, वाफाळलेली हवा फुंकर हलवून टाकते. फटफटीवर तुम्ही म्हणजे तो बशीतला चहा, आणि फुंकर काही थांबत नाही.

हा परिणाम मोजण्याचा प्रयत्न प्रथम दक्षिण ध्रुवाच्या बर्फाळ प्रदेशात झाला. पॉल साइपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगले, आणि वेगवेगळ्या वाऱ्यांत ते गोठायला किती वेळ लागतो हे पाहिले. त्यांचे निष्कर्ष १९४५ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००१ साली कॅनडा आणि अमेरिका या देशांनी माणसांवर प्रयोग करून नवे सूत्र स्वीकारले. त्या सूत्राने हिशेब केला, तर हवा १० अंश असताना ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला सुमारे ५ अंशांइतका गारठा लागतो. हवा ५ अंश असेल, तर तोच गारठा शून्याच्याही खाली जातो.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. हवा १० अंशांचीच राहते. तुमच्या गाडीची टाकी कितीही पळवली तरी १० अंशांच्या खाली जाणार नाही. फक्त ज्याच्यात स्वतःची ऊब आहे ते शरीर ती ऊब लवकर गमावते, एवढाच याचा अर्थ.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. गारठ्यातली मोठी वाढ पहिल्या ३० किलोमीटरच्या वेगातच होते. पुढे वेग दुप्पट केला, तरी उघड्या कातडीला आणखी दीड-एक अंशच जास्त लागतो. म्हणजे "मी हळूच चालवतो, मला वारा लागत नाही," हे म्हणणे खरे नाही. मात्र हळू चालवण्याचा दुसरा लाभ आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० चा वेग ४० वर आणला, तर कपड्यांवरचा रेटा निम्म्याहून कमी होतो. वारा स्वेटरच्या विणीतून आणि सदऱ्याच्या काजांतून आत घुसतो तो याच रेट्यामुळे.

सायकलवाल्याला एवढी थंडी का वाजत नाही, असे कुणी विचारील. सायकलवाला पायडल मारतो, त्याचे शरीर आतून तापते, आणि त्याचा वेगही बेताचा असतो. फटफटीवर सारे काम इंजिन करते. आपण नुसते बसून राहतो आणि वारा मात्र तिप्पट खातो. त्यातच आपले रस्ते सुधारले. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांमधील राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला, आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला ही आनंदाची गोष्ट. पण जिथे पूर्वी खड्डे चुकवत तीसच्या वेगाने जावे लागे, तिथे आता साठचा वेग सहज येतो, आणि साठचा वारा अंगावर घ्यावा लागतो.

मंडळी, थोडे कुडकुडलो तर काय बिघडले, असे वाटणे साहजिक आहे. बिघडते ते हातांत. शरीराला गारठा जाणवला की ते हृदय, फुप्फुसे, मेंदू अशा आतल्या अवयवांची ऊब आधी राखते. त्यासाठी ते हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते. घरात धान्य कमी पडले की आई आधी लेकरांना वाढते, स्वतः मागे राहते, तसे हे आहे. इथे बोटे मागे राहतात. बोटांच्या कातडीचे तापमान १५ अंशांच्या आसपास आले की त्यांची चपळाई कमी होते. त्याहून खाली गेले की स्पर्शच कळेनासा होतो. आणि ब्रेक, क्लच, दिव्याची कळ, हॉर्न, हे सारे बोटांवर चालते. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबायला अर्धाच सेकंद उशीर केला, तर गाडी ७ मीटर, म्हणजे जवळजवळ तेवीस फूट पुढे गेलेली असते. समोर दिवा नसलेली कापसाची गाडी असेल, तर त्या तेवीस फुटांत काय होईल ते सांगायला नको. म्हणून गाडीवर ऊब राखणे ही चैनीची बाब नव्हे. चाकात हवा आणि ब्रेकला पकड असावी, तशीच हातात ऊब असावी.

आता उपाय पाहू. उपायाचे सूत्र एकच: बाहेरून वारा अडवा आणि आत हवा कोंडा. दोन्ही हवे, आणि याच क्रमाने हवे.

आत हवा कोंडणे म्हणजे काय, हे कापसाच्या मुलखात सांगणे सोपे आहे. गादी किंवा दुलई जुनी झाली की कापूस बसतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि पांघरूण थंड लागते. मग आपण पिंजाऱ्याला बोलावतो. तो कापूस वाढवत नाही, बदलतही नाही. तोच कापूस पिंजून देतो, आणि तीच दुलई पुन्हा उबदार होते. त्याने तिच्यात काय घातले? हवा घातली. ऊब कापसात नसते, लोकरीतही नसते. धाग्यांच्या मध्ये अडकून स्थिर झालेली हवा आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन सैलसर कपडे एकावर एक घातलेले बरे, कारण दोन कपड्यांच्या मध्येही हवेचा थर राहतो. कपडे घट्ट असतील तर तो थर दबून जातो. आणि कपडा ओला झाला की हवेची जागा पाणी घेते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी झपाट्याने उष्णता वाहून नेते. घामाने किंवा धुक्याने भिजलेली बनियन अंगावर ठेवून गाडीवर बसू नये ते यासाठीच.

पण ही कोंडलेली हवा वाऱ्यासमोर टिकत नाही. स्वेटर घरात उबदार असतो, पण गाडीवर त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. आपली चूक होते ती इथेच. आपण एकावर दुसरा स्वेटर घालतो, म्हणजे चाळणीवर चाळणी ठेवतो. त्याऐवजी स्वेटर आत आणि वारा न शिरणारे काही तरी बाहेर, असे करावे. चांगले जर्किन असेल तर उत्तम. नसेल तर नवे घेण्याची घाई नको. पावसाळा संपल्यावर घडी घालून ठेवलेला रेनकोट खुंटीवर असेलच. तो स्वेटरवर चढवा. ज्यातून पाणी जात नाही, त्यातून वाराही जात नाही. गळ्याशी आणि मनगटाशी फट राहू देऊ नका. एवढ्यानेच निम्मे काम होते. दुपारी परतताना ऊन लागले की तो काढून डिकीत टाकावा. आपल्याकडे पहाटे १० अंश आणि दुपारी २८ अंश असा दिवस असतो, तेव्हा एकेक करून उतरवता येतील असे कपडे सोयीचे.

तेही जवळ नसेल, तर कालचे वर्तमानपत्र घ्या. त्याच्या दोन-तीन घड्या सदरा आणि स्वेटर यांच्या मध्ये, छातीवर सरकवा. यात हसण्यासारखे काही नाही. फ्रान्समध्ये १९०३ सालापासून सायकलींची एक मोठी शर्यत होते. तिच्यात आल्प्स पर्वताचे घाट चढून घामाघूम झालेले सायकलपटू, उतार लागण्याआधी रस्त्याकडेच्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीशी सरकवीत. जर्किन उलटे, म्हणजे साखळी पाठीकडे करून घालण्याची आपल्याकडची युक्तीही वारा अडवण्याचीच आहे. मात्र तसे घातलेले जर्किन झटकन काढता येत नाही, हे लक्षात असू द्या.

हातमोज्यांनाही हेच सूत्र लागू आहे. लोकरीचे मोजे आत असावेत आणि वरून रेक्झिनचे, चामड्याचे किंवा वारा न शिरणारे दुसरे मोजे असावेत. हँडलला लावण्याची आवरणे मिळतात, तीही चांगली, पण त्यांतून हात चटकन बाहेर आला पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबला गेला पाहिजे. ही परीक्षा गाडी उभी असतानाच घ्यावी. आणखी एक गोष्ट: छाती गारठलेली असेल, तर हातमोजे कितीही चांगले असोत, बोटे गारच राहतील. बोटांना ऊब रक्तातून येते. तेव्हा बोटे तापवायची असतील, तर आधी छाती आणि गळा झाका.

पायांत चपलेऐवजी मोजे आणि बूट असावेत. बुटात पाय आवळला जाईल इतके मोजे चढवू नयेत. गुडघ्यांवर वारा सरळ आदळतो, म्हणून पँटच्या आत एक पायजमा घालावा. हेल्मेट अपघातासाठी तर हवेच, पण डोके आणि कान झाकणारे त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. आत पातळ कानटोपी चालते. जाड टोपीने हेल्मेट सैल बसते. मफलर, शाल, दुपट्टा, पदर यांची टोके आत खोचावीत. चाकात किंवा साखळीत अडकलेले टोक गळ्याला फास लावते. खांद्यावर मोकळी घोंगडी टाकून गाडी चालवू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. आपल्याकडे लहान मुलाला टाकीवर पुढे बसवण्याची पद्धत आहे. बापाला वाटते, पोर डोळ्यांसमोर आहे, सुरक्षित आहे. पण सारा वारा आधी त्या लेकराच्या छातीवर येतो आणि बापाला तो कमीच लागतो. लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर निवते. परातीत पसरलेला थोडा भात पातेल्यातल्या भातापेक्षा लवकर गार होतो, तसेच हे. शिवाय लेकरू बोलत नाही. ते गप्प होते, त्याला गुंगी येते, आणि आपण म्हणतो की झोपले. त्याला पुढे बसवू नका. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी तर २०२३ पासून नियमच आहे: मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, मुलाच्या डोक्याला हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नको.

निघण्याची वेळ आणि वाट यांचाही विचार करावा. जमीन रात्रभर आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते, आणि सूर्य वर येईपर्यंत हे चालूच असते. म्हणून सर्वांत गार वेळ मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या सुमाराची असते. पौषात आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी साडेसहाऐवजी आठला निघावे. त्या दीड तासात पुष्कळ फरक पडतो. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून नाल्यांकडे, नदीच्या पात्रांकडे उतरते. पुलाजवळ आले की एकदम गार झोत लागतो तो यामुळे. मेळघाटात सिपना नदीकाठच्या सेमाडोहला पहाटे झोंबणारा गारठा असतो, त्याचेही एक कारण हेच. आणि चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. एक किलोमीटर उंची चढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी निवते, त्यामुळे परतवाड्याहून वर जाताना चार-पाच अंशांची तयारी अधिक ठेवावी. कपडे घाटाच्या पायथ्याशी चढवावेत, वर पोचून कुडकुडल्यावर नव्हे.

उपाशीपोटी निघू नये. भाकरीचा तुकडा, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, एवढे तरी पोटात असावे, कारण शरीराची शेगडी अन्नावरच चालते. दर अर्ध्या तासाने थांबावे, हात खांद्यापासून जोरात गरगर फिरवावेत, चार पावले चालावे. दारूने ऊब येते ही समजूत जिवावर बेतणारी आहे. दारूने कातडीकडचे रक्त वाढते, म्हणून गरम वाटते, पण आतली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते. शिवाय दारू पिऊन गाडी चालवणे हा गुन्हा आहेच. बिडी-तंबाखूने तर बोटांतल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. बधीर हात सायलेन्सरला लावू नयेत. भाजले तरी कळत नाही.

कुडकुडायला लागलात तर तो शरीराचा इशारा समजून थांबा. पण कुणी असंबद्ध बोलू लागला, त्याला बटण लावता येईना, किंवा पुष्कळ कुडकुडून एकदम शांत झाला, तर ते बरे झाल्याचे लक्षण समजू नका. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेल्याची ती खूण असू शकते. त्याला वाऱ्यातून आडोशाला घ्या, ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या, आणि दवाखान्यात न्या. हातपाय जोराने चोळू नका आणि बधीर हात शेकोटीच्या जाळावर धरू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा विषय वर्गात एका तासात दाखवता येतो. दोन सारखे पेले घ्या आणि त्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक पंख्यासमोर ठेवा, दुसरा आडोशाला. दर पाच मिनिटांनी तापमान फळ्यावर लिहा. मग पंख्यासमोर नुसता कोरडा तापमापक धरा. त्याचा पारा उतरत नाही, हे मुलांना पाहू द्या आणि का ते विचारा. नंतर आणखी दोन पेले घ्या. एकाला स्वेटरची बाही चढवा. दुसऱ्याला तशीच बाही चढवून वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. दोन्ही पंख्यासमोर ठेवा. वाऱ्यात कोणते पाणी अधिक वेळ गरम राहते ते मुले स्वतः मोजतील. त्यांना ही आकड्यांची वही घरी न्यायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गाडीला किक मारतील, तेव्हा खुंटीवरचा रेनकोट आणून देण्याचे काम ती मुलेच करतील.